होम नसलेली दोन लग्नं

बेंगळूर, ९ जून २०२५

श्री. पुरुषोत्तम यांस,

तुमचं जाड पाकीट मिळालं. फोनवर तुमचा नंबर मी बंद करून टाकलाय, म्हणून तुम्हाला पोस्टाची आठवण झाली. उत्तरही पोस्टानेच घ्या.

पाकीट फोडताना वाटलं होतं, माफीबिफी मागितली असेल. चार पानं वाचून काढली, माफीचा पत्ता नाही. 'बायगॅमी' या शब्दाची जन्मकथा मात्र आहे. 'बाय' म्हणजे दोन, ते लॅटिन. 'गामोस' म्हणजे लग्न, ते ग्रीक. मग फ्रेंचांच्या हातून तो इंग्रजांकडे आला. असा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा शब्द, आणि त्याच्या जोरावर एका सुशिक्षित माणसाला गुन्हेगार ठरवायचं हा केवढा अन्याय, असं तुमचं म्हणणं. धन्य आहे तुमची! अडचणीत आलात की तुम्ही कोश उघडता, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. सिद्धीच्या बारशाला पेढे आणायचे विसरलात, तेव्हाही पाहुण्यांना 'विस्मरण' आणि 'विस्मृती' यांतला फरक समजावून सांगत होतात.

पुढं तुम्ही चर्चच्या जुन्या कायद्यात शिरलात. म्हणे त्या काळी पहिली बायको वारल्यावर रीतसर दुसरी करणाऱ्यालाही हाच शब्द लावत, विधवेशी लग्न करणाऱ्यालासुद्धा, आणि अशा माणसाला पाद्री होता येत नसे. म्हणजे अर्थ बदलत आलाय, मग आज तो तुम्हालाच का चिकटवायचा? वाचून मला हसू आवरेना. अहो, बायकोला मूठमाती देऊन दुसरी करणारा बिचारा विधुरही त्या लोकांना नालायक वाटत होता! तुम्ही तर मी मरायचीसुद्धा वाट पाहिली नाहीत. मी रोज इथल्या शिवाजीनगरच्या चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांचे डोळे तपासते, चांगली धडधाकट आहे. ज्यांच्या आडोशाला तुम्ही लपायला गेलात, त्या पाद्र्यांनी तुम्हाला पायरीवरूनच हाकललं असतं.

शेवटी तुमचा खास शोध. आपल्या भाषेत याला घरगुती शब्दच नाही, म्हणजे आपल्या लोकांना हे कधी पाप वाटलंच नाही. नाही कसा शब्द? सवत आहे. बिजवर आहे. दुसरेपणाची आहे. पहिली जिवंत असताना गुपचूप दुसरी करणाऱ्या पुरुषाला तेवढा शब्द नाही, कारण शब्द करायला बायकांना कुणी बसवलं नव्हतं. माझ्यापुरता मी एक वापरते, तो साधा आहे. खोटारडा.

आणि हे सगळं ज्यामुळं लिहावं लागलं, ती गोष्ट तुमच्या चार पानांत कुठंच नाही, म्हणून मीच लिहिते. होसकोट्याचं ऑफिस लांब पडतं म्हणून तुम्ही तिथं खोली घेतलीत आणि फक्त शनिवारी घरी येऊ लागलात. तुमच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सिद्धी कोरमंगलाच्या पीजीवरून केक घेऊन, बस बदलत, तुम्हाला चकित करायला तिथं गेली. दार शाल्मलीनं उघडलं. 'कोण पाहिजे?' असं तिनं मराठीतच विचारलं. आपली लेक म्हणाली, 'बाबा आहेत का?' शाल्मलीला वाटलं, पोरगी घर चुकली. मग दोघींनी तुमच्याच सोफ्यावर बसून आपापल्या फोनमधले तुमचे फोटो एकमेकींना दाखवले. तुम्ही तेव्हा भाजी आणायला गेला होतात. परत आलात तेव्हा म्हणे पहिलं वाक्य बोललात, 'हे दिसतं तसं नाहीये.' त्याचीही व्युत्पत्ती लिहून पाठवा कधीतरी.

आता शाल्मलीनं तुमच्या ऑफिसात तक्रार केलीय, सरकारी नोकरी आहे, चौकशी लागलीय. म्हणून तुम्हाला माझी सही हवी. 'माझ्या माहितीप्रमाणे माझ्या पतीने दुसरे लग्न केलेले नाही.' मसुदा छान टाइप केलाय. तो सोबत परत पाठवते. मागच्या कोऱ्या बाजूवर माफी लिहिता येईल.

महानंदा


बेंगळूर, २६ जून २०२५

श्री. पुरुषोत्तम यांस,

या खेपेला शब्द सोडून तुम्ही कायदा धरलात. वकील भेटलेला दिसतोय. दुसरं लग्न विधिवत लागलेलं असेल तरच गुन्हा होतो, आणि होसकोट्याच्या हॉलमध्ये ना होम झाला ना सप्तपदी. हार घातले, टाळ्या वाजल्या, लोक जेवले. सबब ते लग्न नव्हतं, तो 'कौटुंबिक स्नेहसमारंभ' होता. हा शब्द वाचला तेव्हा दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना डोळे मिटून बसवलं होतं. मी एवढ्यानं हसले की ते घाबरून उठले.

पण मग हसू विरलं. मला निपाणी आठवली.

तंबाखूच्या वखारीसमोर आपला मांडव होता. भटजी नव्हता, होम नव्हता, अग्नीभोवती पावलं टाकणं नव्हतं. माझ्या मामांनी कुरकुर केली, तेव्हा तुमचे वडील, आप्पाजी, सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाले होते, 'आमी सत्यशोधकी माणसं. आमच्या घरात तीन पिढ्या होम पेटला न्हाई नि भट आला न्हाई. आमच्यात माणसांम्होरं दिलेला शब्द म्हंजे लगीन.' मग तुम्ही आणि मी हार घातले, आणि तुमच्या आजोबांनी घालून दिलेली घराण्याची शपथ तुम्ही खणखणीत आवाजात म्हटली. 'हिला बरोबरीची मानीन, हिच्याशी खोटं बोलणार नाही, ही असता दुसरी करणार नाही.' तुमचा आवाज तेव्हा चांगला होता. लोक जेवले, आणि झालं.

तेव्हा पुरुषोत्तमराव, होसकोट्याला लग्न झालं नसेल तर निपाणीलाही झालं नाही. या साध्या हिशेबाकडे तुमच्या वकिलाचं लक्ष गेलेलं नाही, कारण त्याच्या घरात सगळी लग्नं होम करून लागत असतील. तुमचं का गेलं नाही, हे मला विचारायला नको. तुम्हाला स्वतःच्या नाकाच्या शेंड्यापलीकडचं कधीच दिसलेलं नाही, आणि त्याला माझ्याकडं भिंग नाही.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. अगदी मोकळं वाटलं. ज्या माणसाला माझ्या लेकीनं भाजीची पिशवी हातात धरून खोटं बोलताना पाहिलं, त्या माणसाची मी कधी बायको नव्हतेच! यापेक्षा सोपी सुटका कुठं मिळणार? कोर्ट नको, कचेरी नको, तुमचं तोंड बघायला नको. तेव्हा तुमच्या चौकशीत काय सांगायचं ते खुशाल सांगा. मी सही देणार नाही, तक्रारही करणार नाही. सिद्धीला तिचा बाप हवा असेल तर ती बघेल. मी हात धुतले.

महानंदा


बेंगळूर, १४ जुलै २०२५

श्री. पुरुषोत्तम यांस,

तुमच्या पत्राचं हे उत्तर नाही. 'तुझा समजूतदारपणा पाहून भरून आलं' असं लिहिलंय, ते वाचून मी कागद रद्दीत टाकला. त्याचं उत्तर देण्यात अर्थ नाही. हे दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय.

शनिवारी शाल्मली दुकानात आली. आधी मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. मी तिला खुर्चीवर बसवलं, समोरची अक्षरं वाचायला सांगितली. शेवटची ओळ वाचून झाल्यावर म्हणाली, 'ताई, मी होसकोट्याची.' माझ्या हातातली काच मी खाली ठेवली. काही चांगलं बोलले नाही तिच्याशी, उगाच सोज्वळपणाचा आव आणणार नाही. सिद्धीकडून तिची माहिती कळली होती, म्हणून विचारलं, 'शिकलेली बाई तू, नागपूरहून इथं येऊन एवढ्या मोठ्या कारखान्यात माणसं नेमायचं काम करतेस, आणि या माणसात काय पाहिलंस?'

तिनं मान खाली घातली. म्हणाली, 'ते बोलायचे खूप छान, ताई. प्रत्येक गोष्टीचं मूळ सांगायचे. ॲक्च्युअली मला वाटलं, ज्याला शब्दांची इतकी कदर आहे, तो शब्द पाळतही असेल.'

निपाणीला मीही यालाच भुलले होते.

तुम्ही तिला सांगितलं होतं की तुमचा घटस्फोट झालाय आणि मी आता पुण्याला असते. पुण्याला! मी पुण्याला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा तुमच्याच भाच्यांच्या मुंजीला. त्याही तुमच्या बहिणीनं सासरच्या हट्टापायी केल्या आणि आप्पाजी गेले नव्हते. तेवढं पाळणारं घराणं होतं हो ते.

मग तिनं जे मागायचं होतं ते मागितलं. तिच्या वकिलानं सांगितलंय की दोन लग्नांच्या गुन्ह्याची तक्रार कोर्टात फक्त पहिली बायको करू शकते. तिला ती करता येत नाही. तिच्या फसवणुकीचं ती बघेल, पण हे माझ्याच हातात आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यासाठी मला कोर्टात उभं राहून 'मी या गृहस्थांची पत्नी' म्हणावं लागेल, आणि तेवढं सोडून काय वाटेल ते सांग, असं मी तिला म्हणाले. तुमची बायको नसणं हे मला बऱ्याच वर्षांनी मिळालेलं सुख आहे.

ती उठली. पर्स खांद्याला लावली. दारापाशी जाऊन वळली आणि म्हणाली, 'तुम्ही सुटल्या, ताई. ते म्हणतील लग्न नव्हतं, तुम्ही म्हणाल असू दे. मग मी कोण? माझ्या बाबांनी सगळं नागपूर बोलावलं होतं होसकोट्याला. त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी शपथ घेतली. ही असता दुसरी करणार नाही म्हणाले. मी कोण आहे मग?'

तीच शपथ! अहो, शपथ तरी वेगळी घ्यायची! मी जिवंत असताना, माझीच शपथ, माझ्याच शब्दांत, दुसऱ्या बाईला देताना तुमची जीभ अडखळली कशी नाही? हार नवे घेतलेत, कपडे नवे शिवलेत, आणि शपथ मात्र जुनीच चालवलीत.

ती गेल्यावर मी शटर ओढून आतच बसले. मला तुमचा राग आलाच, पण जास्त लाज वाटली ती माझी. माझी सुटका तिच्या जिवावर होत होती, आणि मी ती हावरटासारखी घेत होते.

पंचवीस तारखेला तुमच्या चौकशीत साक्षीला यायचं पत्र मला ऑफिसकडून आलंय. मी येणार आहे. काय बोलणार ते मलाच ठाऊक नाही.

महानंदा


बेंगळूर, २७ जुलै २०२५

श्री. पुरुषोत्तम यांस,

परवा तुम्ही चौकशीच्या खोलीत होतात, पण मान खाली घालून. म्हणून काय झालं ते लिहून पाठवते, वकिलाला सांगायला उपयोगी पडेल.

आईला साक्षीला आणायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली? वकील असं करणार नाही. ही तुमचीच हुशारी. होसकोट्याच्या लग्नाला तुमच्या बाजूनं हजर असलेलं एकच माणूस म्हणजे तुमची आई, माझ्या सासूबाई आत्ती; त्यांनी 'सप्तपदी झाली नाही' एवढं सांगितलं की काम झालं. म्हातारीला निपाणीहून गाडीत घालून आणलंत. तिला म्हणे सांगितलंत, 'दोनच प्रश्न आहेत, खरं ते सांग.' आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खरं बोलायला सांगितलंत, आणि ते अंगाशी आलं.

आत्तींवर माझाही राग होता. मी भिंतीकडेला शाल्मलीपासून दोन खुर्च्या सोडून बसले होते आणि आत्तींकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पाठीमागं दुसरी सून आणणारी सासू, असंच मी तिला धरून चालले होते.

चौकशी अधिकारी नागराज साहेब कन्नडमध्ये विचारत होते आणि आत्ती निम्म्या कन्नडमध्ये, निम्म्या आपल्या बोलीत उत्तरं देत होत्या.

'सप्तपदी झाली का, अम्मा?'

'न्हाई.'

'होम?'

'न्हाई. आमच्यात होम नसतोय.'

तुमच्या तोंडावर हसू आलं. आलं होतं की नाही? मी पाहिलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, जिंकल्यासारखं.

'सरी, बरं,' नागराज साहेब म्हणाले. 'म्हणजे ते लग्न नव्हतं, असं लिहायचं?'

आत्ती पदर सावरून ताठ झाल्या. 'लगीन न्हवतं म्हंजे? मी सोता अक्षता टाकल्या की! साहेब, ह्येच्या बाचं नि माझं लगीनबी असंच झालंय. ह्या थोरलीचंबी असंच. त्या धाकटीचंबी. हार घातलं, शपथ घेतली, माणसं जेवली. त्ये लगीन न्हवं म्हणत असाल, तर माझंबी न्हवं. मग ह्यो कुणाचा?'

आणि त्यांनी तुमच्याकडं बोट केलं. टाइप करणाऱ्या बाईचा हात थांबला. तुम्ही म्हणालात, 'आई, स्वल्प गप्प बस.'

'का गप बसू? मला म्हणालास, थोरलीनं काडीमोड दिला, सही करून निघून गेली. म्हणून मी आले हितं. आन् आता म्हणतोस लगीनच न्हवतं. सांग की रं सगळ्यास्नी. कुणाचा तू?'

तुम्ही सांगितलं नाहीत. इतके शब्द येतात तुम्हाला, तेव्हा एकही आला नाही.

मग साहेबांनी मला उभं केलं. विचारलं, 'तुम्ही यांच्या पत्नी का?' तुम्ही तेव्हा मान वर करून माझ्याकडं पाहिलंत, आणि जन्मात पहिल्यांदा तुमचं काहीतरी माझ्या एका शब्दावर अडकलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर मी मोकळी, तुम्हीही मोकळे. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, खोटं कशाला बोलू. पण समोर आत्ती उभ्या होत्या. सगळा जन्म आप्पाजींचा संसार करून, म्हातारपणी एका सरकारी खोलीत आपलं लग्न खरं होतं हे त्यांना भांडून सांगावं लागत होतं, आणि तेही स्वतःच्या मुलापुढं.

मी म्हटलं, 'होय. निपाणीला लग्न झालं. यांच्या घरच्या रीतीनं. तीच रीत होसकोट्याला झाली, ती दोन्हीकडं खरी आहे.' शाल्मली तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला फक्त तोंड धुवावंसं वाटलं.

तुम्ही आईला व्हरांड्यात तशीच टाकून गाडी काढून निघून गेलात. निपाणीची म्हातारी, होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, हातात पिशवी. तिला मी घरी घेऊन आले. रिक्षात बसल्यावर मला एवढंच म्हणाल्या, 'तुला इचारायला पायजे हुतं मी. पोराचं ऐकलं.' रात्री भाकरी मी त्यांनाच थापायला लावली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

महानंदा


बेंगळूर, १८ ऑगस्ट २०२५

श्री. पुरुषोत्तम यांस,

तुमचं शेवटचं पत्र शब्दांविना आलंय, म्हणजे कोशाविना. 'नोकरी जाईल, पेन्शन जाईल, सिद्धीचा तरी विचार कर.' सिद्धीला वाचायला दिलं. ती म्हणाली, 'मम्मी, ही इज अनबिलिव्हेबल. मी जॉब करते ना. माझं नाव पुढं करू नको म्हणावं त्यांना.' तिचा निरोप पोचवला.

आज मी शिवलीला वकीलबाईंकडं जाऊन आले. उद्या तक्रार कोर्टात दाखल होईल. घटस्फोटाची मला केवढी घाई आहे, पण तो मागाहून. आधी हे. बाईंनी मसुदा मोठ्यानं वाचून दाखवला. 'मी आरोपीची कायदेशीर पत्नी आहे.' हे नाव मी इतकी वर्षं सहज लावत आले. आज ते कागदावरून ऐकताना किळस आली, आणि तरीही मी सही केली. शाल्मलीला मी मैत्रीण वगैरे केलेलं नाही, तसं लोकांना सांगत फिरू नका. तिच्या 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देणार नाही, म्हणून ते कोर्टाकडून मिळवायचं, एवढंच आमच्यात ठरलंय.

तुम्ही लिहिलंय, 'निदान आईला यात ओढू नकोस.' ओढणार नव्हतेच. साक्षीदारांची नावं सांगताना मी शाल्मलीचे वडील प्रतापराव आणि हॉलवाल्याचं नाव दिलं आणि थांबले. आत्ती माझ्याबरोबर आल्या होत्या, बाकावर बसून होत्या. बाईंना म्हणाल्या, 'माझं बी घाला. पयलं घाला.'

मी म्हटलं, 'आत्ती, तुमचा मुलगा आहे तो. तुरुंगात जाईल.'

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, 'जाऊ दे. माझं लगीन खरं हुतं, एवढं तरी कुटं लिवलं जाऊ दे.'

तुमची कायदेशीर पत्नी,
महानंदा